कहा-सुना माफ

हिवरखेडच्या स्टँडवर अकोल्याची एसटी लागली होती आणि मी दाराशी उभा राहून एकेकाला गळाभेट देत होतो. उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला निघालेल्या माणसाने सगळ्यांची माफी मागून जायचं असतं. "कहा-सुना माफ करजा," मी म्हणत होतो. बोलण्या-ऐकण्यात काही चुकलं असेल तर मनात ठेवू नका. लोक डोळे पुसत होते. शेजारचे नामदेवकाका म्हणाले, "उस्मान, मक्केतल्या जमजमच्या इहिरीचं पानी आनजो बावा. बुढीच्या डोयाले लावतो." अब्बा सगळ्यात शेवटी पुढे आले. अत्तराचं बोट माझ्या मनगटावर फिरवून म्हणाले, "लवकर ये."

मी लवकर येणार नव्हतो, आणि हे त्या गर्दीत फक्त मला ठाऊक होतं.

आम्ही पिंजारी. लोक घरचा कापूस आणत, अब्बा पिंजून गाद्या भरून देत. पण ती वर्षं तुम्हा गावकऱ्यांना आठवत असतील. कापूस वेचून व्हायच्या आत व्यापाऱ्याचा झालेला असे. गादीसाठी घरी कोण ठेवणार? पिंजायचं मशीन पोत्याखाली झाकलेलं असायचं.

उमरा मी मनापासून केला. मग जेद्दात सोफ्याच्या एका दुकानात, मागच्या खोलीत कामाला लागलो. कापसाऐवजी फोम, एवढाच फरक. इकामा, म्हणजे तिथे राहून काम करायचा परवाना, माझ्याकडे नव्हता. तपासणीची गाडी आली की आम्ही माळ्यावर चढून पडून राहायचो.

पीसीओवरून अब्बांचा फोन आला.

"काय लिवलं होतं तुया कागदावर?"

"उमरा."

"झाला?"

"झाला."

"मंग तेथं काय करून राह्यला तू?"

मी खरं ते सांगितलं. चोरी नाही, दारू नाही, हाताची मेहनत आहे, म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी पुन्हा फोन आला. "मौलानाले इचारलं. ते म्हनते, काम हलाल असन तं मजुरी हलाल. पन ज्या वाद्यावर त्याइनं तुले आत घेतलं, तो तोडनं गुनाह हाये. तौबा कर आन् वापस ये."

यातलं पहिलं वाक्य मी ठेवून घेतलं. खोलीत गावाकडचेही काहीजण होते. सगळ्यांना सांगितलं, आपल्या मौलानांनी मजुरी हलाल म्हटली आहे. सगळ्यांना बरं वाटलं. पुढचं कोणालाच सांगितलं नाही. गावाकडे पैसे जात राहिले.

मोहल्ल्याच्या मशिदीत फजरची, म्हणजे पहाटेची अजान अब्बा द्यायचे. त्या फोननंतर त्यांनी ती सोडली. घसा बसतो म्हणाले. नमाजेला शेवटच्या रांगेत उभे राहू लागले. लोकांनी त्याचा अर्थ लावला: बापानेच उमऱ्याच्या नावावर पोराला पाठवलं, म्हणून तोंड लपवतो. आमच्या जुबेदाखाला खरोखरच्या उमऱ्याला निघाल्या, तर एजंटने त्यांना विचारलं, "हिवरखेडच्या का? वापस येता ना?" तेही अब्बांच्याच खात्यावर गेलं. अब्बांना उत्तर देता आलं असतं, पण त्यासाठी पोरगं आपल्यालाही फसवून गेलं, असं चारचौघांत म्हणावं लागलं असतं.

काही वर्षांनी तिकडे बिनपरवान्याच्या लोकांना माफीची मुदत मिळाली आणि मी परतलो. स्टँडवर उतरलो तर कोणीतरी म्हणालं, "काय हाजीसाहेब, लय लांबला उमरा. बापलेकाइनं बरं जमोलं." सगळे हसले. मीही हसलो. अब्बा माझी बॅग धरून शेजारीच उभे होते.

जमजमचा कॅन घेऊन नामदेवकाकांकडे गेलो. ते म्हणाले, "बुढी गेली रे. तुया अब्बाले दे, त्याचा घसा बसला म्हनते."

मग मी अमरावतीला आलो. इथे मला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून राहणं सोपं गेलं. अब्बा हिवरखेडलाच वारले, पुन्हा अजान न देता. आता माझा मुलगा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात आहे. रोज गेटवर कार्ड दाखवून आत जातो. ते कार्ड सकाळी शोधायला मीच त्याला मदत करतो.

तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच तिकडे गेले, त्यांनी मौलानांचं उत्तर माझ्याकडून अर्धंच ऐकलं होतं. आता पूर्ण सांगितलं. आणि जे गावात राहिलात, त्यांच्यासाठी हे: अब्बांना ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांनीही तुमच्यासारखाच एका यात्रेकरूला निरोप दिला होता.

घर कुठलं, असं कोणी विचारलं की अजूनही तोंडातून हिवरखेडच निघतं. कारण मला बोलायचं होतं ते तिथल्याच लोकांशी. कहा-सुना तुम्ही सगळ्यांनी तेव्हाच माफ केलं होतं. पण हे तर मी बोललोच नव्हतो.