बक्षीस पुकारत मुरुडपर्यंत

तुर्कस्तानहून आल्यापासून जो भेटतो तो तिथल्या मिठाईबद्दल विचारतो. मिठाई झकास होती, वादच नाही. पण मला विचाराल तर त्याआधीचा प्रवास मोठा होता. नांदेड ते लातूरजवळचं मुरुड, चार दिवस, महमूदभाईंच्या म्हाताऱ्या गाडीतून.

आमचा संगीतगट म्हणजे तिघंच. मी शाळेत संगीत शिकवते, गटात गाते आणि तुणतुणं धरते. महमूदभाईंचं नांदेडात पेटीदुरुस्तीचं दुकान आहे, आमच्यात पेटीही तेच वाजवतात. आणि कोंडीबामामा. मूळचे मुरुडचे गोंधळी, साठी कधीच ओलांडलेले. संबळावर हात असा, की ऐकणाऱ्याच्या हातातला चहा गार व्हावा. तुर्कस्तानातल्या एका संगीतशाळेनं आम्हाला दोन आठवडे शिकायला बोलावलं. त्यांच्याकडेही संबळासारखं जोडीचं चर्मवाद्य आहे आणि त्यांना मामांचा हात बघायचा होता. राहणं-जेवण त्यांचं, तिकीट आपलं. जमवाजमव केली तर दोन तिकिटं निघाली.

"मंग झालं की," मामा म्हणाले. "तुमी दोघं जाऊन या. आल्यावर मला दावा काय शिकलात ते."

असा राग आला मला! नवरदेवाला घरी ठेवून वऱ्हाड निघालंय का कुठं? शनिवारपर्यंत तिसरं तिकीट काढायचंच, असं ठरवून आम्ही मंगळवारी सकाळी निघालो. ओळखीच्यांना फोन करून चार गावांत संध्याकाळचे कार्यक्रम ठरवले होते.

कंधार-जांबमार्गे जळकोट गाठलं. रस्ता मधे मधे कंबर ढिली करतो, तेव्हा घाई करू नका आणि पाणी सोबत ठेवा. जळकोटच्या देवळासमोर मंडप होता, माणसंही भरपूर जमली. आणि इथे मी माती खाल्ली.

आमच्याकडे गोंधळात, भारुडात कुणी पैसे दिले की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव पुकारतात. "अमुक अमुक यांच्याकडून संबळाला एकावन्न रुपये बक्षीस!" मग संबळाची एक लहर, मग पुढचं गाणं. मला वाटलं, परदेशी निघालेल्या गटाला हे शोभत नाही. गाणं कसं अखंड हवं! म्हणून मी मामांना पुकारायला बंदी केली, दाराशी काचेची पेटी ठेवली आणि तिच्यावर मोबाईलवरून पैसे पाठवायचा चौकोन चिकटवला. पुण्यात पाहिलं होतं ना तसं.

दोन तास गायलो. टाळ्या कडकडून. पेटीत एकशे ऐंशी रुपये.

मी हिरमुसून सतरंजी गुंडाळत होते, तेवढ्यात एक आजोबा आले. "दोनदा उठलो की बाई पैसे घेऊन. कुणी नावच पुकारंना. मंग काय चोरावानी टाकायचे त्या डब्यात?"

महमूदभाई हसून हसून बेजार. "अजी बाई, देणाऱ्याला पण तर गाण्यात जागा पायजे ना!"

खरं सांगते, कानाला खडा लावला. आजोबांनी जाताना मामांच्या हातात शंभराची नोट दिली. मामांनी मंडप रिकामा असताना त्यांचं नाव खणखणीत पुकारलं आणि एक लहर वाजवली. आजोबा छाती काढून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी उदगीर सोडताना टपरीवर सुशीला खाल्ला. चुरमुऱ्याचा, वर शेंगदाण्याचं कूट, तीस रुपयांत पोट टम्म. मग देवणी. इथे मामांनी मोकळ्या गळ्यानं पुकारलं आणि माणसं रांगेत उभी राहिली. नाव विचारायचं, पुकारायचं, वाजवायचं. एक शेतकरी पुढे आले आणि मामांच्या कानाशी लागले.

"माझं नाव नगं. आमच्या बादशाचं घ्या."

"पोरगा का?"

"बैल हाय. प्रदर्शनात नंबर काढलाय त्यानं. त्याच्याच बक्षिसातले हायेत पैसे."

मामांनी चेहऱ्यावरची सुरकुतीही हलू न देता पुकारलं, "बादशा, मुक्काम देवणी, यांच्याकडून पाचशे एक रुपये!" मंडप हसून लोळला. शेतकरी मात्र गंभीर होते, त्यांनी सगळ्यांना हात जोडले.

लातूरला मुक्काम महमूदभाईंच्या बहिणीकडे. तिनं हॉटेलचं नावही काढू दिलं नाही. गेलात तर रस्त्यावरच्या गाड्यावरचा निलंगा राईस चुकवू नका, वरून कांदा-लिंबू मागून घ्या. लातूरच्या कार्यक्रमानंतर बघितलं तर तिकिटाला अजून अकरा हजार कमी होते. आणि उरलं होतं फक्त मुरुड.

लातूरहून मुरुड तासाभराचंही नाही. पण गाव जवळ आलं तसे मामा संबळाच्या दोऱ्या उगाच आवळत बसले. वेशीपाशी म्हणाले, "गाडी फिरवा."

"का हो मामा?"

"ह्या गावानं मला जन्मभर वाढलंय बाई. ह्यांच्या दारात संबळ वाजवून लेकरं मोठी केली मी. आता इमानात बसायला बी ह्यांच्याच म्होरं हात पसरू?"

मी महमूदभाईंकडे बघितलं. महमूदभाईंनी गाडी बंद केली. "मागू नका मामा. नुसतं वाजवा. निघायच्या आधी आपल्या माणसांना ऐकवणार नाही का?"

मामा उतरले. पण पुकारणार नाही, ही अट घालूनच.

बाजाराच्या चौकात मंडप भरला. मामा मान खाली घालून वाजवत होते. पहिलं गाणं संपायच्या आत बांगड्यांच्या दुकानवाल्या शालनबाई उठल्या आणि थेट मामांपुढे उभ्या राहिल्या. "आमच्या लग्नाच्या गोंधळाला तुमीच होता. घ्या."

मामा नोट घेईनात.

"घ्या की! आन नाव पुकारा. का इसरलात?"

मामांनी वर बघितलं. "तुला कसं इसरंन, शालन," म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. तिचं नाव पुकारलं, नवऱ्याचं पुकारलं, सासऱ्याचंही. मग धरणच फुटलं. इतर गावांत आम्ही नाव विचारून पुकारत होतो. इथे मामांनी एकालाही विचारलं नाही. माणूस समोर आला की नाव, घर, लग्न कुठल्या मांडवात लागलं, सगळं तोंडपाठ. मी तुणतुणं सोडून ढसाढसा रडत होते. कसलं आलंय अखंड गाणं!

तिसरं तिकीट शुक्रवारीच निघालं.

तुर्कस्तानात शेवटच्या दिवशी विद्यार्थ्यांचा कार्यक्रम होता. मामांनी माईक ओढला आणि आमच्याशी एक अक्षर न बोलता पुकारायला सुरुवात केली. शालनबाई, मुरुड. जळकोटचे आजोबा, त्यांच्या पूर्ण नावानं. बादशा, देवणी. एक नाव, एक लहर. प्रत्येक लहरीला सभागृह टाळ्या देत होतं. शेजारच्या दुभाषी मुलीनं मला विचारलं, हे कुठलं गाणं? मी म्हटलं, हे आमचं तिकीट आहे.

आता नांदेडला परतलोय. काचेची पेटी शाळेत खडू ठेवायला दिली. तुर्कस्तानात शिकलेले ठेके रोज घोटतोय, ते हळूहळू हातात बसतील. पण एवढ्या माणसांनी आपल्याला पाठवलं, हे अजून मनात मावत नाही. त्या सगळ्यांची मी ऋणी आहे.

परवा पेढे घेऊन मुरुडला गेलो. शालनबाईंनी पेढा हातात धरून आधी विचारलं, "माझं नाव घेतलं का तिथं?"

"घेतलं की," मामा म्हणाले. "समद्यात आधी."

बादशाची गोष्ट मुरुडात कधीच पोचली होती. "आन त्या देवणीच्या बैलाचं?"

"त्याचं तुझ्या मागनं."

शालनबाईंनी पदर सावरला आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारली, "ऐकलं का वो?"