सभेला न गेलेली खाला

शाळेतून रिटायर झाल्यावर मी लेकीच्या बाळंतपणाला सहा महिने स्वीडनला गेल्ते. तिथं शेजारच्या एकट्या म्हातारीकडं रोज बाई येऊन स्वयंपाक करून जायची, खर्च सरकारचा. लेकीमार्फत मी विचारलं, "हे तुम्हाला कुणी मिळवून दिलं?" तिला प्रश्नच कळंना. तेच डोक्यात घेऊन गावी आले, अन् तोंड काही आवरलं न्हाई.

आमच्या भिंतीला लागून खाला राहते, सगळ्या गल्लीची मावशी. नवरा न्हाई, मूल न्हाई. सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याला पगार येतो, त्यावर तिची चूल अन् दम्याचं औषध चालतं. आमच्याकडं रीत अशी, की साहेबांची, म्हणजे आमच्या आमदारांची, सभा असली की पगारवाल्या बायांनी टेम्पोत बसायचं. साहेबांचं काम बघणारी गल्लीतली ताई वहीत खूण करते. न आल्यास काय होईल, हे कुणी सांगत न्हाई. सांगावंच लागत न्हाई.

परतूरच्या सभेदिवशी खालाला धाप लागल्ती, तरी बुरखा घालून निघाली. मी दारातच आडवी झाले. "बसा घरी! पैसा सरकारचा आहे, साहेबांच्या घरचा न्हाई. हक्क आहे तुमचा!"

"बेटी, वहीत नाव..."

"खड्ड्यात गेली ती वही!"

ताई टेम्पोतून उतरली, सगळं शांतपणे ऐकून हसली. "बराबर आहे, मॅडम. खाला, बिलकुल आराम करा." ते हसणं मला खटकलं, तरी मी खालाला हाताला धरून घरात नेलं, मागं हटले न्हाई. माझा स्वभावच मेला तसला.

त्या महिन्याचा पगार आला न्हाई. पुढचाही न्हाई. मंग मी खालाला घेऊन तहसील कचेरीत गेले. कारकून यादी बघून म्हणाला, "ही बाई मयत आहे."

"अहो, ही काय समोर उभी आहे!"

त्यानं मानसुद्धा वर केली न्हाई. "गावातून तसं कळवलंय. दुरुस्तीही गावातूनच आणा."

गावातून म्हणजे कुणाकडून, हे आम्हा दोघींनाही कळलं. तशाच ताईच्या घरी गेलो. तिनं चहा केला, साखर किती विचारली. "शनिवारी सभा आहे. खालाला आणा, सगळ्यांना दिसतील. अन् मॅडम, तुम्ही छान बोलता. दोन शब्द बोला की."

शनिवारी मी माइकपुढं उभी राहिले. "साहेब आहेत म्हणून आमच्या गल्लीत चुली पेटतात," असं मी माझ्या तोंडानं म्हणाले. लाज वाटली, फार वाटली. पहिल्या रांगेत खाला धापा टाकत, ताईला दिसावं म्हणून हात उंच करून टाळ्या वाजवत होती.