उंदराला ऐकू जातं

पिंजरा लावायचा असेल तर तसं मोठ्याने बोलायचं नाही, उंदराला कळतं, असं आमच्या हिचं ठाम मत. त्यामुळे गेला आठवडाभर आम्ही स्वयंपाकघरात कुजबुजतो आहोत. ‘अहो, भजं अडकवलंत का?’ ती अगदी कानाशी येऊन विचारते. ‘हो गं,’ मीही हळूच म्हणतो. इतक्या जवळून आम्ही कित्येक वर्षांत बोललो नव्हतो. कुजबुजत भांडता येत नाही, हे मला उंदरामुळे कळलं.

आज सकाळी पिंजऱ्याचं दार खाटकन पडलं.

‘अहो, सापडला मेला! उठा आता, सोडून या लांब!’ अख्ख्या सोसायटीने ऐकलं.

मैदानाच्या टोकाला मी पिंजरा उघडला आणि खाली वाकून हळूच उंदराला विचारलं, ‘घर लक्षात आहे ना?’