पाळण्यातलं नाव

माझा उखाणा मावशीने पाठ करून घेतला होता. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. चांदीचं ताट, चंदनाचा पाट आणि मग अमुकरावांचं नाव. ते नाव मी इथे लिहिणार नाही. त्या माणसाचं घर दोन वर्षांत सोडून मी ऑफिसातल्या एकाबरोबर निघून गेले. चाळीने तोंडात शेण घातलं, माहेरच्यांनी दार लावून घेतलं. मला पश्चात्ताप झाला नाही, आजही नाही. पण तो माणूस वाईट नव्हता. मारकुटा वगैरे असता तर मला फार सोयीचं झालं असतं.

रीतसर घटस्फोट झाला, मग दुसरं लग्न रजिस्टर पद्धतीने. तिथे साक्षीदाराला घरी जायची घाई होती, उखाणा कोण विचारतो? पुढे दोन भाड्याच्या जागा बदलल्या. दोन्हीकडे कोणाची तरी आत्या, कोणाची तरी वहिनी आमच्या जुन्या चाळीतली निघाली आणि जिन्यात मी दिसले की बायका गप्प होऊ लागल्या. शेवटी मीरा रोडला स्वतःचा फ्लॅट घेतला. दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे. भाड्याची जागा सोडता येते, ही सोडून जायला आम्हाला कुठेच नव्हतं. इथे कोणाला काही कळता कामा नये, एवढीच माझी इच्छा होती. सासूबाई आमच्याबरोबर आल्या. त्या माझ्याशी स्वयंपाकापुरतं बोलत. माझ्या मागच्या आयुष्याबद्दल त्यांनी एक अक्षर कधी काढलं नाही, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटे.

स्टेशनजवळच्या लायब्ररीतून मी इंग्रजी कादंबऱ्या आणायचे. दोनशे वर्षांपूर्वीचं विलायतेतलं सगळं, मुखपृष्ठावर लांब झग्यातली बाई. बहुतेकींच्या मागे काहीतरी प्रकरण असायचं. ती नाचाच्या दालनात आली की बायकांच्या हातातले पंखे थांबायचे, आणि शेवटी एखादा उमराव चारचौघांत तिचा हात धरायचा की बाई एकदम स्वच्छ! मी चिडायचे आणि पुढच्या आठवड्यात दुसरी आणायचे. त्या बायकांना निदान डोकं दुखतंय म्हणून नाच टाळता यायचा. संक्रांतीचं हळदीकुंकू कसं टाळणार? पहिलं वर्ष टाळलं, दुसऱ्या वर्षी सोसायटीच्या सेक्रेटरीच्या बायकोने मला परस्पर तारीखच देऊन टाकली.

वाण म्हणून चहाची गाळणी आणली. दुपारी लाडू वळताना मी नवा उखाणा जुळवला, दहा वेळा म्हणून पाहिला. हॉल बायकांनी भरला. सासूबाई विधवा, त्या रिवाजाप्रमाणे स्वयंपाकघरात तिळगुळाच्या पुड्या बांधत बसल्या. सेक्रेटरीची बायको म्हणाली, "घरची सवाष्ण आधी. चला, नाव घ्या." समोरच्या गुजराती वहिनी म्हणाल्या, "बोलो ना भाभी, शरमाते क्यों हो?"

मी तोंड उघडलं आणि चांदीचं ताट बाहेर पडलं. माझं मलाच ऐकू येत होतं, तरी थांबता येईना. ताट, पाट आणि ते नाव, अगदी ठसक्यात, मावशीने शिकवलं होतं तसं.

खाली नावांच्या बोर्डावर माझ्या नवऱ्याचं नाव होतं, दारावर होतं. सगळ्यांना ते माहीत होतं. सेक्रेटरीच्या बायकोच्या हातात कुंकवाची कुयरी होती, ती तशीच राहिली. माझा उमराव त्या वेळी चर्चगेटला ऑफिसात होता.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये, बायकांच्या मधोमध, पांढऱ्या कपाळाने.

"पाळण्यातलं नाव घेतलं हो हिने," त्या म्हणाल्या. "राशीवरून ठेवलेलं. आम्ही घरात त्याला त्याच नावाने हाक मारतो."

"अय्या, असं होय!" कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या. गाळण्या वाटल्या गेल्या.

बायका गेल्यावर मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले. "आता मला पोटच्या पोराला त्या नावाने हाक मारायला लागणार," त्या म्हणाल्या आणि आत जाऊन भांडी घासू लागल्या.

आणि त्या शेवटपर्यंत तशी हाक मारत राहिल्या. दार उघडं असलं, जिन्यात कोणी असलं की मुद्दाम मोठ्याने. बिल्डिंगने ते नाव उचललं. गुजराती वहिनींनी त्याला भाई जोडलं. ज्याला मी मागे ठेवून आले होते, त्याला आता माझ्याच दारात दूध आलं का विचारत, गच्चीची चावी मागत. नवऱ्याला मी त्याच रात्री सगळं सांगितलं होतं. तो हसला, पण त्या हाकेला त्याने कधी ओ दिली नाही. कोणी जिन्यातून हाक मारली की पेपर वाचत राहायचा. लोकांना वाटायचं, कानाने जरा कमी असेल. हाक तशीच पॅसेजमध्ये राहायची आणि मला वाटायचं, आता कोणीतरी उत्तर देईल.

सासूबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या वर्षी मावसबहिणीचा फोन आला. ज्याचं ते नाव, तो वारला होता. त्याने पुन्हा लग्न केलं नव्हतं. मी कुकर लावला, कपडे वाळत घातले. मी कोण त्याची, सुतक कसलं धरणार? नवरा आल्यावर त्याला सांगितलं. तो बरं म्हणाला आणि बूट काढत बसला.

तेवढ्यात खालून वहिनींची हाक आली. तेच नाव, पुढे भाई. पाण्याचा टँकर आला होता.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून दारात गेला आणि पहिल्यांदाच मोठ्याने म्हणाला, "ओ! आलो."

मी तिथेच खाली बसले आणि रडले.