नावेतली नववी जागा

दिनांक १८ मे, रविवार. नावेचं भाडं दोनशे रुपये. माणसं आठ, माणशी पंचवीस, जाऊन-येऊन.

हे भाडं नवऱ्याने बुधवारीच ठरवलं आणि तिच्या इस्त्रीच्या दुकानात येऊन सांगितलं. ती तेव्हा तळ्याकाठच्या विश्रामगृहाच्या चादरींना इस्त्री करत होती. बासष्टपैकी चाळीस झाल्या होत्या.

"आठ कोण कोण?" तिने विचारलं.

"कोण म्हणजे काय? आपण सगळे."

तिने चादर उलटली आणि पुढची घडी घातली. इस्त्री मात्र नको तितका वेळ एका जागी टेकली. चादरीवर चहाच्या रंगाचा डाग उठला. एवढ्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी घरातल्या सगळ्यांनी तळ्यातल्या बेटावर जायचं, ही सासऱ्यांनी घालून दिलेली रीत. नावेच्या कुशीला पांढरी रेघ होती. नऊ माणसं बसली की पाणी रेघेला लागायचं आणि नावाडी दहाव्याला हात करून थांबवायचा. ती लग्न होऊन आली त्या उन्हाळ्यात घरात माणसं दहा झाली. धाकटा दीर आठ वर्षांचा होता. आपल्यालाच मागे ठेवणार हे ओळखून त्याने भोकाड पसरलं. तेव्हा नवी सून पुढे होऊन म्हणाली, "मला पाणी बघूनच गरगरतं. मी बसते काठावर."

हे साफ खोटं होतं. माहेरी ती भावांच्या बरोबरीने कालव्यात सूर मारायची. पण "सासरी हे सांगत बसू नकोस" असं आईने बजावलं होतं, आणि कुणी विचारलंही नाही.

एकदा काठावर बसलेली बाई काठाचीच झाली. नावेत पायताण न्यायचं नाही, म्हणून चपला सांभाळायचं काम तिच्याकडे आलं. तीन दगड मांडून बटाटे भाजायचे, टॉवेल वाळत घालायचे, परतलेल्यांना हात द्यायचा. घरातली पोरं तिला काठकाकू म्हणू लागली. एकतीस वर्षांत सासू-सासरे गेले, तिचे दोन्ही मुलगे नोकरीला लांब गेले. यंदा आदल्या आठवड्यातच चादरींना इस्त्री करता करता तिने माणसं मोजली होती. तिला धरून बरोबर नऊ. आता कुणीतरी म्हणेल, चल. आठवडाभर ती वाट बघत होती. आणि नवरा आठ जणांचं ठरवून आला.

रविवारी सगळे नावेत बसले. सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणारा धाकटा दीर टोकाला बसून ओरडला, "वहिनी, माझ्या चपलांकडे लक्ष ठेवा हं. गेल्या वर्षी कुत्र्याने एक पळवली होती."

"भावजी, त्या कुत्र्यालाच राखणीला ठेवते," ती म्हणाली. आठही जोड तिने पिशवीत भरले, वर स्वतःच्या चपला ठेवल्या आणि पिशवी झाडाला टांगली. मग कपडे वर खोचून ती पाण्यात उतरली. "दादा, जागा आहे ना एक?"

नावाड्याने वाकून पाहिलं. "आहे की. रेघ अजून चार बोटं वर आहे."

"अगं, तुला गरगरतं ना!" नवरा अर्धवट उठला. नाव डुलली.

"तुम्ही बसा आधी. मला कधी गरगरलं, ते आठवून सांगा."

त्याला आठवेना. आठवण्यासारखं काही नव्हतंच.

"मग एकतीस वर्षं काय होतं?" दिराने विचारलं.

"तुम्ही रडत होता, भावजी."

पोरं फिदीफिदी हसली. दीर मान खाली घालून आत सरकला आणि त्याने टोकाची जागा तिला दिली. नणंद कुरकुरली, "पण वहिनी, बटाटे कोण भाजणार?"

"थांबतील. त्यांना कुठे पोहता येतंय!"

बेट तिने मनात केवढं तरी मोठं करून ठेवलं होतं. प्रत्यक्षात दहा-बारा झाडं, काटे आणि पक्ष्यांची घाण. उलट पलीकडचा काठच छान दिसत होता. झाडाला टांगलेली पिशवी, जुन्या चुलीचे काळे दगड. आपण तिकडून हात हलवायचो तेव्हा यांना आपण एवढ्याशा दिसत असू, असं तिच्या मनात आलं. रागही आला, पण कुणाचा ते ठरेना. खोटं तिचंच होतं. ते तपासून पाहायला एकतीस वर्षांत कुणी आलं नाही, एवढंच.

पोरं गुडघाभर पाण्यात उभी होती. ती त्यांच्या पुढे गेली, कमरेएवढ्या, मग गळ्याएवढ्या पाण्यात, आणि तिने पाय उचलले. कालव्यातले हात शाबूत होते. बेटाच्या कडेला तिचा चष्मा दोन्ही हातांत धरून नवरा उभा होता. "लांब जाऊ नकोस, मला पोहता येत नाही!" तो ओरडला. हे तिला आजवर ठाऊक नव्हतं.

परत आल्यावर सगळ्यांना सपाटून भूक लागली होती. चूल नवऱ्याने पेटवली. बटाटे बाहेरून कोळसा, आतून कच्चे.

"पुढच्या वर्षी मी बसतो काठावर," राख झटकत तो म्हणाला. "हातही सुधारेल."

"बसा की," ती म्हणाली. "पण चपला मोजून घ्या."

नावाड्याला द्यायला नवऱ्याने मोजून दोनशेच आणले होते. नवव्या जागेचे पंचवीस रुपये अजून द्यायचे आहेत.