इथे पुसलं, तिथे गेलं

माझ्या कॉम्प्युटरवर इतके मेसेज साठले होते की त्यांच्या ओझ्यानं टेबल वाकलंय, अशी माझी खात्रीच होती. म्हणून एकेक पुसायला बसलो. तेवढ्यात सोफ्यावरून बायको ओरडली, "अहो, तुमच्या फोनला वाळवी लागली! मेसेज आपोआप नाहीसे होतायत!"

मग काय, पन्नाशीतली आम्ही दोघं पोरं झालो. मी इकडे बटण दाबायचं, सुमीनं तिकडून "गेला!" म्हणायचं. मधे ना तार, ना दोरा. माझं बोट तिथवर पोचतं तरी कसं? अख्ख्या संसारात माझं काही तिच्यापर्यंत इतक्या तडक पोचलं नव्हतं.

"थांबा! त्याला हात लावू नका!"

तो तिच्या अण्णांचा मेसेज होता, ते वारले त्याआधीचा शेवटचा. आमच्याकडून परत गावी गेले की ते लेकीला नाही, जावयाला कळवायचे. सुमीनं फोन पदराआड घेतला, जणू माझं बोट आता तिथे पोचणार नव्हतं. पण अण्णा माझ्याही पडद्यावर होतेच: "जावईबापू, सुखरूप पोचलो. सुमीला सांगा."

मी बटणावरचं बोट उचललं.

"सुमे," मी म्हणालो, "अण्णा सुखरूप पोचले गं."