माझ्या डाव्या हाताचा पंच

परतूरला ठाण्यासमोर माझं शिवणकामाचं दुकान होतं आन् शेजारी दोस्ताची पानटपरी. कुठं झडती झाली, काही जप्त झालं की पंच म्हणून आम्हीच दोघं. पुढंपुढं हवालदार तेवढीही तसदी घेईना. चहा पाजून कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन ठेवायचा, मजकूर मागून. आम्हीबी येडेच! चहा फुकटचा मिळतोय म्हणून खुश.

मंग एका शेतमजुरावर खटला झाला. मालकाच्या भावाचा पाय कुऱ्हाडीनं तोडल्याचा आरोप. कुऱ्हाड त्याच्या घरात सापडली असा पंचनामा, खाली आमच्या सह्या. तो खरा ठरला की गडी तुरुंगात गेलाच समजा.

साक्षीची तारीख लागेस्तोवर दोन वर्षं गेली. दोस्त वारला होता, म्हणून मी एकटाच. व्हरांड्यात हवालदार म्हणला, "विचारतील त्याला बराबर होय म्हणायचं." मी शपथ घेतली आन् होय म्हणत गेलो.

आरोपीचे वकील फार हळू बोलायचे. "दुसरे पंच सोबत होते?"

"होय."

"कुठं उभे होते?"

हे हवालदारानं शिकवलं नव्हतं. "माझ्या डाव्या हाताला," मी ठोकून दिलं.

"तुमच्यादेखत सही केली?"

"होय जी."

वकिलांनी दोस्ताच्या मृत्यूचा दाखला जजसाहेबांपुढं ठेवला. पंचनामा पोळ्यानंतरचा. दोस्त पोळ्याच्या आठ दिवस आधीच गेल्ता. अरे, मी स्वतः खांदा दिल्ता! आन् दोन वर्षांत मागचं-पुढचं पार विसरलो.

वकिलांनी कागद माझ्या हातात दिला. सही त्याचीच होती, बाजूला काताचं लाल बोट उमटलेलं. खोटं कशाला सांगू, डावीकडून मला टपरीचा वास आला, ओल्या पानांचा आन् काताचा. मान वळवायची बिलकुल हिंमत झाली न्हाई.

निकालात गडी सुटला. दुसऱ्या दिवशी त्याची म्हातारी आई दुकानात आली. मला वाटलं, शिव्या घालील. तिनं दोस्ताच्या घराचा पत्ता विचारला. "त्याच्या नावानं निवद ठेवते, भाऊ. मेलेला मानूस माझ्या लेकरासाठी कोर्टात आला."

पायरी उतरताना ती थांबली. "तुमी तर जित्ते होते की."

ठाण्याच्या कपाटात आमच्या दोघांच्या सह्यांचे कोरे कागद अजून पडून होते.